खुर्ची, कणा आणि हिशेब : एका देणगीच्या निमित्ताने



वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांची माहिती आम्ही दरवर्षी आपणापुढे ठेवतो. ज्या वस्तूवर बसून या साऱ्या नोंदी केल्या जातात, त्या खुर्चीचा उल्लेख मात्र या अहवालात आजवर कधी आला नव्हता. यंदा तो करण्याचे कारण एका देणगीदारांनी दिले.

या सद्गृहस्थांच्या वडिलांना मध्यरात्री आमच्याकडे दाखल करावे लागले होते. नोंदणी खिडकीपाशी उभे असताना, आतील कर्मचारी पाठ मोडलेल्या खुर्चीत उशी घालून काम करीत असल्याचे त्यांच्या नजरेस आले. वडील बरे होऊन घरी गेल्यानंतर ते आम्हांस भेटले आणि नोंदणी, बिल विभाग, दूरध्वनी कक्ष व प्रयोगशाळा यांसाठी गेमिंग चेअर भेट देण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. त्यांचा मुलगा घरी अशाच खुर्चीत बसून संगणकावर दहा-दहा तास काम करतो व त्याला ती मानवली आहे, असे त्यांनी सांगितले. देणगी मनापासूनची होती. तरीही ती तत्काळ न स्वीकारता आम्ही त्यांच्याकडे दोन नमुना खुर्च्या आणि आठ आठवड्यांची मुदत मागितली. त्या मुदतीत आम्हांस जे समजले, ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

बसण्याचा विकार जुनाच

बैठ्या कामाचे दुखणे संगणकाबरोबर आले, असा आमचा समज होता. तो खरा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला व १७१३ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती काढली. लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे त्यांनी नोंदविली आहेत : सतत बसणे, हाताची एकाच दिशेने चालणारी अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. आमच्या बिल विभागाचे याहून अचूक वर्णन आम्हांस करता येणार नाही.

लंडनमधील दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक, तर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी, असे त्यात आढळले. बसण्याचा परिणाम केवळ पाठीपुरता मर्यादित नाही, हे तेव्हापासून वैद्यकास ठाऊक आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे. कण्याची रचना आमच्या अस्थिरोग विभागातील डॉक्टरांनी व फिजिओथेरपिस्टांनी आम्हांस समजावून दिली. उभे असताना कमरेच्या कण्याला आतल्या बाजूस एक नैसर्गिक बाक असतो. मांड्या वर घेऊन आपण काटकोनात बसलो की हा बाक सपाट होऊ लागतो. अमेरिकेतील डॉ. कीगन यांनी १९५३ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने हे दाखविले. धड व मांडी यांच्यात सुमारे १३५ अंशांचा कोन असताना कणा सर्वांत स्वाभाविक स्थितीत असतो, असे त्यांना आढळले. खुर्चीची पाठ थोडी मागे कललेली असावी व कमरेपाशी तिला फुगवटा असावा, असे जे सांगितले जाते त्याचे मूळ येथे आहे.

स्वीडनचे डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकापासून मणक्यांमधील चकतीवरील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे असतानाचा दाब १०० मानल्यास आधाराविना बसताना तो सुमारे १४० होतो, असे त्यांचे आकडे सांगत. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील डॉ. विल्के व सहकाऱ्यांनी एका निरोगी व्यक्तीच्या चकतीत संवेदक बसवून दिवसभर मोजणी केली, तेव्हा सैलसर बसण्यातील दाब उभे राहण्यापेक्षा जास्त आढळला नाही. दोन मापनांत असा फरक असला, तरी एका गोष्टीवर आमच्या डॉक्टरांचे एकमत आहे. प्रौढ माणसाच्या या चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या पेशींतून झिरपून होते. म्हणून शरीराची स्थिती बदलत राहणे हिताचे. तासन्‌तास एकाच स्थितीत राहिले, तर ती स्थिती कितीही शास्त्रशुद्ध असली तरी कण्याला जाचतेच.

आपल्या जुन्या पेढ्यांवरील दिवाणजी गादीवर बसून, पुढ्यातील उतरत्या मेजावर खतावणी लिहीत. मांडी बदलत, एक गुडघा उभा करीत, मध्येच लोडाला टेकत, पुन्हा पुढे सरकत. त्या बैठकीत सहज होणारी ही हालचाल खुर्ची आल्यावर आपण गमावली.

गेमिंग चेअरची पारख

या खुर्चीचा आकार शर्यतीच्या मोटारीतील आसनावरून घेतलेला आहे. शर्यतीची गाडी वेगात वळण घेते तेव्हा चालक बाजूला फेकला जाऊ नये म्हणून आसनाच्या दोन्ही कडा उंच ठेवलेल्या असतात. नोंदणी खिडकीपाशी कोणतेही वळण घ्यावयाचे नसते. तेथे त्या कडा मांड्यांना आवळतात आणि वरच्या बाजूस खांद्यांना पुढे ढकलतात. रुंद बांध्याच्या कर्मचाऱ्यांनी ही तक्रार पहिल्याच दिवशी केली.

खुर्चीचे गुणही मोकळेपणाने नमूद केले पाहिजेत. पाठ उंच असल्याने डोक्याला टेकण मिळते. हातांचे आधार वरखाली व आतबाहेर सरकविता येतात. पाठ बरीच मागे झुकविता येते, त्यामुळे धड व मांडी यांच्यातील कोन मोठा करून कमरेवरील भार हलका करता येतो. ज्याला पडद्याकडे पाहात दीर्घकाळ बसायचे आहे आणि मधूनमधून मागे रेलता येणे शक्य आहे, त्याला ती खरोखरच सुखावह आहे.

परंतु आमच्या खिडकीवरचा कर्मचारी मागे रेलू शकत नाही. समोर रुग्णाचे नातेवाईक उभे असतात. त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी, कागद घेण्यासाठी त्याला वारंवार पुढे वाकावे आणि उठावे लागते. खुर्ची पुढे घेऊ गेल्यास तिचे हात काउंटरच्या फळीला अडत. कमरेची सुटी उशी उठबस केली की सरकून खाली येई. बैठकीची खोली कमी करण्याची सोय नमुन्यात नव्हती. त्यामुळे कमी उंचीच्या भगिनी पाठीला टेकल्या की बैठकीची पुढील कड गुडघ्यामागे रुते आणि कड टाळण्यासाठी पुढे सरकल्या की पाठीचा आधार सुटे. मोल देऊन घेतलेला आधार वापरताच येत नव्हता.

प्रयोगशाळेत अडचण निराळी होती. सूक्ष्मदर्शकात पाहणारा तंत्रज्ञ पुढे झुकलेलाच असतो. खुर्चीची पाठ कितीही उत्तम असली तरी त्याची पाठ तिला लागत नाही. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक डॉ. ए. सी. मँडल यांनी अशा कामासाठी पुढच्या बाजूस किंचित उतरती बैठक सुचविली होती. तशी बैठक आणि सूक्ष्मदर्शकाखाली योग्य जाडीची फळी ही तेथील खरी गरज आहे, हे आम्हांस तेव्हा उमगले.

शेवटचा विचार स्वच्छतेचा. रुग्णालयातील खुर्ची रोज जंतुनाशकाने पुसावी लागते. नमुना खुर्चीचे कृत्रिम चामडे पुसता येत होते. मात्र त्यावरील शिवणींच्या खाचांत मळ साचे. अशा आवरणाचे दमट हवेत कालांतराने पापुद्रे सुटतात आणि तीव्र जंतुनाशकाने ते लवकर खराब होते. जाळीच्या पाठीची खुर्ची हवेशीर खरी, पण जाळी नीट पुसली जात नाही. म्हणून रुग्णांच्या संपर्कातील जागांसाठी कमी शिवणींची, साध्या रेक्झिनची बैठक आम्ही ग्राह्य धरली.

खोक्याची गोष्ट

या परीक्षणात एक गोष्ट अशी उघड झाली, की जी नमूद करताना आम्हांस संकोच वाटतो. नोंदणी विभागातील एक ज्येष्ठ भगिनी अनेक वर्षे आपल्या टेबलाखाली सलाईनचे रिकामे खोके ठेवीत. विश्वस्तांची भेट अथवा तपासणी असली की आम्ही ते खोके नीटनेटकेपणासाठी उचलण्यास सांगत असू. दोन दिवसांनी तेथे दुसरे खोके येई. आम्हांस तो गबाळेपणा वाटे.

नमुना खुर्चीत त्यांना बसविले तेव्हा फिजिओथेरपिस्टांनी त्यांच्या पायांकडे बोट दाखविले. काउंटर उंच, म्हणून खुर्ची उंच करणे भाग. खुर्ची उंच केली की पाय अधांतरी. लोंबकळणाऱ्या पायांचा भार मांडीखाली येतो व पोटऱ्या भरून येतात. त्या खोक्यावर त्या आपले पाय टेकवीत होत्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. रुग्णालयाच्या सुताराने पुढच्याच आठवड्यात उतरत्या फळीचे लाकडी पाट तयार केले. या साऱ्या प्रयोगातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी वस्तू ती ठरली.

खर्चाचा विचार

आजवर खुर्च्यांची खरेदी आम्ही सर्वांत कमी दराच्या कोटेशनवर करीत आलो. तो हिशेब अपुरा होता. कार्यालयातील खुर्ची दिवसाला ८ तास, वर्षातील ३०० दिवस वापरली तर २,४०० तास होतात. तीन पाळ्यांच्या खिडकीवरील खुर्ची मात्र २४ तास, ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला ८,७६० तास वापरात असते. कार्यालयात तीन वर्षांत होणारी झीज तेथे एका वर्षाच्या आत होते.

केवळ उदाहरणादाखल सांगायचे तर, ४,००० रुपयांची खुर्ची अशा ठिकाणी नऊ महिन्यांत मोडली, तर बसण्याच्या तासाला सुमारे ६१ पैसे पडतात. १२,००० रुपयांची तीन वर्षे टिकली, तर सुमारे ४६ पैसे. कर्मचाऱ्याच्या दुखण्याची आणि रजेची किंमत यात धरलेलीच नाही. हमीपत्रही बारकाईने वाचावे. अनेक हमीपत्रे एका पाळीच्या वापरापुरतीच असतात, हे लहान अक्षरांत छापलेले असते.

ही सर्व टिपणे घेऊन आम्ही देणगीदारांकडे गेलो. देणगीला नको म्हटल्यास त्यांचे मन दुखावेल, अशी धास्ती होती. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खुर्ची कोणती हा माझा आग्रह नाही, त्या रात्री जो बसला होता त्याची पाठ दुखू नये, एवढेच." त्यानुसार दोन्ही गेमिंग चेअर सीसीटीव्ही कक्षात व क्ष-किरण विभागाच्या अहवाल लेखनाच्या खोलीत ठेवण्यात आल्या, तेथे त्या उत्तम उपयोगी पडत आहेत. उर्वरित देणगीतून खिडक्यांसाठी बैठकीची खोली कमीजास्त करता येणाऱ्या व आखूड हातांच्या खुर्च्या, प्रयोगशाळेसाठी उतरती आसने आणि लाकडी पाट घेण्यात आले.

घरच्यांसाठी थोडेसे

घरून काम करणाऱ्या मुलामुलींसाठी २०२० पासून अनेक कुटुंबांनी अशा खुर्च्या घेतल्या आहेत. नव्याने घेणाऱ्यांनी ती छायाचित्र पाहून न घेता, जो बसणार आहे त्याला किमान अर्धा तास तीत बसवून घ्यावी. पाठ टेकलेली असताना दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकावेत. बैठकीची कड व गुडघ्यामागचा भाग यांत दोन-तीन बोटांची जागा राहावी. कमरेचा आधार कमरेशीच यावा. कोपर टेकल्यावर खांदे वर उचलले जाऊ नयेत. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या पातळीत असावी. पाय टेकत नसतील, तर महागडी खुर्ची बदलण्याआधी पायांखाली पाट ठेवून पाहावा.

मात्र कोणतीही खुर्ची चालण्याची जागा घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि बसण्याचा वेळ कमी करावा. आमच्या विभागांत आता दर तासाला दोन मिनिटे उठण्याचा परिपाठ ठेवला आहे. त्या वेळी शेजारचा सहकारी खिडकी सांभाळतो. आपणांस क्षणभर थांबावे लागले, तर कृपया समजून घ्यावे. पाठदुखीबरोबर पायात मुंग्या, बधिरपणा वा अशक्तपणा जाणवू लागल्यास खुर्चीचा विचार बाजूस ठेवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लघवी वा शौचावरील ताबा सुटल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्या भगिनी पुढील वर्षी सेवानिवृत्त होत आहेत. पाटाविषयी विचारले असता, "खोक्यापेक्षा बरा आहे, आणि आता कोणी उचलून नेत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. देणगीतील प्रत्येक रुपया गरज असेल तेथेच पोचावा, यासाठी आधी बसणाऱ्याला विचारले पाहिजे, हा धडा आम्ही या वर्षी घेतला.

— रुग्णालय प्रशासन