जुन्या फाइलींतली मराठी

गुगल फॉर्म भरून आला की उत्तरांचा तक्ता कसा वाचायचा, हे आज सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. कारण गेल्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच अडचणीची आहेत, आणि ती सुटल्याशिवाय तक्त्यापर्यंत कुणी पोहोचणारच नाही.

जव्हार तालुक्यातल्या एका बाईंचं पत्र सगळ्यांत नेमकं आहे. चौथीच्या परिसर अभ्यासाची मोठी प्रश्नपेढी त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः टाइप करून पेनड्राइव्हवर जपली आहे. वर्डमध्ये ती सुरेख दिसते. त्यातला प्रश्न उचलून गुगल फॉर्ममध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि खुणा यांचा नुसता पसारा होतो. आपलं कुठे चुकतंय, असं त्या विचारतात.

बाई, तुमचं काहीही चुकत नाही. तुमच्या फाइलमध्ये मराठी कधी साठलीच नव्हती. ती फक्त दिसत होती.

कृतिदेव फॉन्ट लावून ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये जमा होतात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्टचं काम एवढंच, की ई च्या जागी म चं चित्र दाखवायचं, जे च्या जागी र चं, के च्या जागी काना, मोठ्या बी च्या जागी ठ, एच च्या जागी दुसरी वेलांटी. हा मुखवटा वर्डकडे आहे. फॉर्मकडे नाही, म्हणून फॉर्म आतलं खरं काय ते दाखवतो. आपली फाइल कोणत्या जातीची, हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. एक ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. इंग्रजी झाली तर फाइल जुन्या पद्धतीची. मराठीच राहिली तर युनिकोड.

जुन्या फॉन्टांना नावं ठेवायची मला मुळीच इच्छा नाही. तेव्हाच्या संगणकात एका फॉन्टला जेमतेम २५६ घरं मिळत, आणि त्यातली निम्मी इंग्रजीनं आधीच व्यापलेली. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी या फॉन्टांनी त्याच घरांत आपली अक्षरं, जोडाक्षरं, काने-मात्रे बसवले आणि मराठी छपाई संगणकावर आणली. अडचण एवढीच, की प्रत्येकानं घरं आपापल्या सोयीनं वाटली. त्यामुळे एका फॉन्टचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नाही. हा गोंधळ मिटवणाऱ्या युनिकोड या सामायिक क्रमांकपद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिनं देवनागरीला स्वतःचे १२८ क्रमांक दिले, २३०४ पासून २४३१ पर्यंत. त्यात म चा क्रमांक २३५०, र चा २३५२, ठ चा २३३६. फॉन्ट कोणताही लावा, म चा क्रमांक बदलत नाही. विंडोज २००० पासून ही सोय शाळेतल्या संगणकांत आहे. तरी कितीतरी शिक्षक आजही जुन्याच फॉन्टात लिहितात, आणि त्याचं कारण मला पटतं. टायपिंगच्या परीक्षेसाठी बोटांना जो कळफलक बसला, तो सुटत नाही. सुटायची गरजही नाही. टंकलेखन यंत्राचाच कळफलक ठेवून युनिकोड लिहिणारी साधनं मिळतात. बोटं तीच राहतात, आत साठतं ते मात्र बदलतं.

हे काम उगाच वाढवतोय असं वाटत असेल, तर एका मुलाचा विचार करा. वर्गात अंध विद्यार्थी आहे. शाळेच्या संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनवाचक आहे, त्याला मराठी आवाज जोडता येतो. युनिकोडमधली प्रश्नपत्रिका उघडली की तो प्रश्न मराठीत वाचून दाखवतो. जुन्या फॉन्टातली उघडली की तो आतला मजकूर वाचतो, म्हणजे निरर्थक इंग्रजी. डोळस मुलांना दोन्ही कागद सारखेच दिसतात. या मुलासाठी दुसरा कागद कोराच असतो. अँड्रॉइड फोनवरच्या टॉकबॅकचंही असंच. माझ्या मते जुन्या फाइली बदलण्याचं याहून मोठं कारण दुसरं नाही, आणि वर्गात असं एकच मूल असलं तरी ते पुरेसं आहे.

आता सोडवायचं कसं? दोन वाटा आहेत.

पहिली परिवर्तकाची. कृतिदेव ते युनिकोड, श्रीलिपी ते युनिकोड अशी साधनं नेटवर मोफत आहेत. मजकूर एका चौकटीत टाकायचा, दुसरीतून उचलायचा. मात्र आपला फॉन्ट नेमका कोणता, हे आधी पाहून ठेवा. बहुतेक परिवर्तक एकाच फॉन्टचं कोष्टक जाणतात. नंतर दोन गोष्टी बारकाईनं तपासा: पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि तशीच साठते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. ही अदलाबदल करताना जोडाक्षर आलं की परिवर्तक गडबडतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

गणिताच्या शिक्षकांनी तर फारच जपायला हवं. कृतिदेवमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या घरात ‘त्र’ बसवलेला आहे. प्रश्नपत्रिकेत तुम्ही फॉन्ट बदलून साधं बरोबरचं चिन्ह लिहिलेलं असतं. परिवर्तकाला फॉन्ट कुठे बदलला ते कळत नाही. त्यामुळे सगळ्या समीकरणांत मधोमध त्र उगवतो. गणिताच्या पेपरासाठी म्हणून मी दुसरीच वाट सुचवतो.

ती अशी. पानाचा स्वच्छ फोटो घ्या किंवा स्क्रीनचं छायाचित्र काढा. ते गुगल ड्राइव्हवर चढवा. संगणकावर त्या फाइलवर उजवी कळ दाबून ती गुगल डॉक्समध्ये उघडा. वर चित्र दिसेल आणि खाली त्याच चित्रातला मजकूर, युनिकोड मराठीत. इथे यंत्र आतले क्रमांक बघतच नाही, चित्र बघून वाचतं. म्हणून फॉन्ट कोणता होता याचा प्रश्नच उरत नाही. ज्यांची मूळ फाइल हरवली आणि फक्त छापील कागद उरला, त्यांचंही काम होतं. फोनवर गुगल लेन्स हेच करतं. दोन रकान्यांचं पान असेल तर रकाने वेगळे कापून घ्या, नाहीतर डावीकडचे आणि उजवीकडचे प्रश्न एकमेकांत मिसळतात. अपूर्णांक आणि जोड्या लावा हे प्रकार हातानंच लिहावे लागतील.

इथे मी थोडा माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी हे जरूर वाचावं.

मजकूर युनिकोड झाला, आता मंगल फॉन्ट लावून वाचनाचं कार्ड छापा आणि ‘लसूण’ व ‘शाळा’ हे शब्द पाहा. ल ला उजवीकडे उभा दंड आहे. श ला डावीकडे गाठ आहे. मुलाच्या मराठीच्या पुस्तकातला ल पाकळ्यांचा, श देठाचा. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं दिली आहेत. मोठ्या माणसाला फरक जाणवत नाही. ज्याला अक्षर आज पहिल्यांदा भेटतंय, त्या मुलासमोर मात्र एकाच ध्वनीची दोन चित्रं येतात आणि त्यातलं एक बाईंनी शिकवलेलंच नसतं.

मंगल र. कृ. जोशींनी रेखाटला. सुलेखनकार, कवी, मुंबईच्या आयआयटीत शिकवलेले प्राध्यापक, आणि मराठी माणूस. संगणकावर देवनागरी आज इतकी सुबक दिसते त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. मग त्यांच्या फॉन्टात हिंदी वळणाचा ल का? युनिकोडनं हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत सगळ्यांना मिळून देवनागरीचा एकच संच दिला. ल चा क्रमांक एकच, २३५४. त्याचं रूप कोणतं दाखवायचं हे फॉन्टनं ठरवायचं, आणि देशभर चालायच्या फॉन्टात बहुसंख्यांच्या वळणाचं रूप आधी येतं.

उपाय सोपे आहेत. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट गुगल फॉन्टवर मोफत आहे. त्यात मुळातच मराठी वळणाची अक्षरं आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही वापरून पाहा. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत दोन्ही रूपं दडलेली असतात. लिबरऑफिसमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा मराठी केली, की डोळ्यांसमोर ल ला पाकळ्या येतात. हा बदल पहिल्यांदा पाहताना मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. कार्ड तयार झालं की दुसऱ्यांना पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा. फॉन्ट तिच्यातच बांधलेला असतो, त्यामुळे समोरच्याच्या संगणकावर तो नसला तरी ल पाकळ्यांचाच छापला जातो.

शेवटी ‘ऱ्या’ मधला र, कारण हा थेट गुणांवर येतो. आचार्याला आणि आचाऱ्याला यांत फरक आहे, हे मराठीच्या शिक्षकांना मी सांगायला नको. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो, मग डी ने त्याचा पाय मोडायचा, मग य किंवा ह. फोनच्या बहुतेक मराठी कळफलकांवर र दाबून धरला की ऱ सापडतो. पण हाच ‘ऱ्या’ लिहायची आणखी एक जुनी रीत आहे. तीत साधा र, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. आतले क्रमांक मात्र वेगळे.

आता फॉर्ममध्ये प्रश्न विचारला, पवनचक्की कशाने फिरते? लघुउत्तराच्या किल्लीत तुम्ही ‘वाऱ्याने’ लिहिलं. मुलानं फोनवर ‘वाऱ्याने’च लिहिलं, पण त्याच्या कळफलकानं दुसरी रीत वापरली. फॉर्म क्रमांक ताडून पाहतो, ते जुळत नाहीत, आणि बरोबर उत्तराला शून्य गुण देतो. मूल पडद्याकडे बघत राहतं, त्याला आपली चूक कुठेच दिसत नाही, कारण ती नसतेच. पालघरपासून गडचिरोलीपर्यंत मुलं कोणकोणत्या फोनवरून उत्तरं देतात, हे आपल्या हातात नाही. किल्ली आपल्या हातात आहे. तिच्यात एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं लिहिता येतात. दोन्ही रीतींचा ‘वाऱ्याने’ लिहा, शिवाय ‘वारा’ आणि ‘वाऱ्यामुळे’ही घाला. दुसरी रीत तुमच्या कळफलकावर जमत नसेल, तर एखाद्या मुलाच्या उत्तरातून उचलून किल्लीत चिकटवा. नाहीतर अशा शब्दासाठी बहुपर्यायी प्रश्नच ठेवा.

जव्हारच्या बाईंनी मात्र सगळी प्रश्नपेढी एका दमात बदलायला घेऊ नये. येत्या घटक चाचणीला लागणारे प्रश्न आधी, बाकीचे त्या त्या घटकाची वेळ येईल तसे. बदललेल्या फाइलच्या नावात ‘युनिकोड’ लिहून ठेवावं, म्हणजे तेच काम दोनदा होणार नाही. उत्तरांच्या तक्त्यात शून्य गुणांच्या ओळी वेगळ्या कशा काढायच्या आणि त्यातली खरी चूक कोणती, कळफलकाची कोणती हे कसं ओळखायचं, तिथूनच पुढच्या आठवड्यात सुरुवात करू.