चार बाटल्या, तीन नंबरचा इंजेक्टर

सोलापूर ओलांडून तुळजापूर रोडला लागलं की पत्र्याच्या शेडची रांग सुरू होते. टायरवाला, वेल्डिंगवाला, रेडिएटरवाला. त्यांच्यात हे डिझेलचं गॅरेज. एप्रिलची दुपार. पत्रा तापलाय, पंखा गरम वाराच फिरवतोय.

दारात बारा सीटची व्हॅन उभी आहे. काचेवर देवीचं स्टिकर, टपावर दोरीने बांधलेली स्टेपनी. ड्रायव्हर कपाळ पुसत सांगतो, ‘‘सकाळी उठतच नाही मिस्त्री. दहादा सेल्फ मारावा लागतो. चालू झाली की मिस मारते, पांढरा धूर टाकते. चारही इंजेक्टर बदला म्हणतायत लोक.’’

‘‘लोक पैसे देणारेत का?’’ मिस्त्री विचारतो आणि पान्याला हात न लावता आधी फिल्टर बघतो. पाणी नाही. लाइनीत हवा धरलेली नाही. मग स्टिअरिंगखाली स्कॅनरची पिन जाते.

‘‘मारा सेल्फ.’’

स्क्रीनवर रेलचं, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीचं, प्रेशर रांगत वर जातं. १२०, १५०, १७०. तिथेच अडतं. अशा बहुतेक इंजिनांत २०० ते २५० बार झाल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडत नाही. चढावर भरल्या गाडीत हाच आकडा १६०० च्या घरात जातो. याच व्हॅनच्या टायरात हवा असते जेमतेम ३-४ बार. जुन्या मॅटाडोर गाड्यांच्या काळात चालत्या इंजिनावर एकेक पाइपाचा नट ढिला करायचा, आवाज बदलला नाही तो सिलिंडर मेलेला. इथे तसं केलं तर डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. पोऱ्याला पहिल्या दिवशीच बजावलेलं असतं : चालू इंजिनावर रेलच्या पाइपाजवळ बोट नाही.

पोऱ्या चार बाटल्या आणतो. इंजेक्टरच्या डोक्यावरच्या रिटर्न नळ्या काढतो, त्यांच्या जागी सलाइनच्या पारदर्शक नळ्या. एकेक टोक एकेका बाटलीत. ड्रायव्हर सेल्फ मारत राहतो. इंजिन कण्हत कण्हत धरतं. आता थांबायचं. मिस्त्री मोबाइलवर दोन मिनिटं लावतो. शेजारच्या रिक्षातली म्हातारी पदराने वारा घेत तेच बघत बसली आहे.

तीन बाटल्यांचा तळ बोटभर ओला. तीन नंबरची मात्र अर्धी भरली आहे.

‘‘हा घ्या तुमचा चोर. प्रेशर बांधायचं सोडून डिझेल मागे पाठवतोय.’’

निदान झालं, खरी झटापट पुढे आहे. इंजेक्टर हेडमध्ये रुतलाय. बुडाशी डांबरासारखी काळी काजळी. वाशर लीक झालं की जळका वायू वर येऊन असा थिजतो. गंज सोडवणारं तेल मारून मिस्त्री चहा मागवतो. घाई केली तर हेडच काढावं लागेल, हे तो ड्रायव्हरला नाही, पोऱ्याला सांगतो. मग पुलर. ठक. ठक. कप उचलायला हात जावा एवढ्यात खरवडल्यासारखा आवाज येतो आणि इंजेक्टर सुटतो.

भोकाच्या तळाशी जुनं तांब्याचं वाशर चिकटून बसलंय. पोऱ्या आकड्याने ते ओढून काढतो, तळाला कापडाचा बोळा लावतो आणि मगच बैठक घासतो. काजळीचा खडा सिलिंडरमध्ये पडता कामा नये. इथे फार गॅरेजं चुकतात. इंजेक्टर नवा, वाशर जुनंच.

नवा इंजेक्टर डबीतून निघतो तो धुतलेल्या हातांनी. टोकाला टोपी, ती शेवटच्या क्षणी काढायची. तिच्याखालची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाहीत. धुळीचा कण पुरे. क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क पान्याने कट् म्हणेपर्यंत. पाइप नवा. इंजेक्टरच्या अंगावर कोरलेला कोड मिस्त्री मोठ्याने वाचतो, पोऱ्या स्कॅनरमध्ये भरतो. तो न भरता गाडी धावते, पण त्या सिलिंडरला डिझेल किती द्यायचं याचा कॉम्प्युटरचा हिशेब चुकत राहतो.

सेल्फ. १८०, २४०, २९०. इंजिन दुसऱ्या फेऱ्याला धरतं.

ड्रायव्हर हसत नाही. ‘‘बाकीचे तीन?’’

‘‘माप बरोबर आहे त्यांचं. पैसे जास्त झालेत का?’’

एका नव्या इंजेक्टरची रक्कम ऐकून त्याने आधीच फोन काढलाय. मालकाशी बोलणं सुरू आहे. मागे टेम्पो हॉर्न मारतो. त्याचा ड्रायव्हर उतरता उतरताच ओरडतो, ‘‘मिस्त्री, चारही नोझल बदलायचेत.’’

पोऱ्या बाटल्या रिकाम्या करायला घेतो.