घरांतील गाणें आणि संगणकावरील ध्वनिमुद्रण

इ. स. १९०२ मध्यें लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतलें. तबकडीची धांव अवघी तीनएक मिनिटांची. गळा अडखळला कीं तबकडी फुकट जाई व गाणें प्रारंभापासून पुन्हां म्हणावें लागे. पुढें चुंबकीय फीत आली. चुकलेला भाग धारदार पात्यानें कापून टोकें चिकटवितां येऊं लागलीं. परंतु पातें एकदां चाललें कीं मूळ फीत अखंड राहत नसे. आज हीं सारीं कामें घरांतल्या संगणकावर होतात. त्यासाठीं निघालेल्या सॉफ्टवेअरांची संख्या एवढी मोठी आहे कीं, ज्या घरांत गाणें आहे, तेथें पहिला प्रश्न हाच निघतो : यांत उत्तम कोणतें?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो जरा घाईनें विचारलेला आहे. स्वयंपाकघरांत विळी असते, सुरी असते आणि फडताळांत अडकित्ताही असतो. त्यांत उत्तम कोणतें, हें भाजी चिरावयाची कीं सुपारी कातरावयाची, यावर ठरतें. येथेंही न्याय तोच.

या सर्व साधनांचें मूळ तत्त्व एक आहे. मायक्रोफोनमधून आलेली ध्वनिलहर सेकंदास हजारों वेळां मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप आंकड्याच्या रूपानें सांठविलें जातें. कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं हें प्रमाण सेकंदास ४४,१०० मोजमापांचें ठरलेलें आहे. त्या हिशेबानें डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचें एक मिनिटाचें गाणें सुमारें १० मेगाबाइट जागा व्यापतें. हे आंकडे विनामूल्य सॉफ्टवेअरनें घेतले काय किंवा महागड्यानें घेतले काय, त्यांत फरक पडत नाहीं. मुद्रणाचा कस गळा, खोली, मायक्रोफोन आणि ध्वनीचे आंकडे करणारें यंत्र यांवर ठरतो. सॉफ्टवेअरच्या किंमतीवर नव्हे. फरक पडतो तो पुढच्या कामांत.

ऑडॅसिटीचा आरंभ १९९९ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनीं केला व २००० सालीं ती विनामूल्य लोकांच्या हातीं आली. आजीच्या ओव्या उतरवून घ्याव्या, मागचा-पुढचा खोकला कापावा, जुन्या कॅसेटवरील खरखर कमी करावी, एवढ्या कामास ती पुरेपूर आहे. पूर्वी तिची एक अडचण असे. आवाजावर केलेला संस्कार मुद्रणांतच मुरून जाई आणि काम बंद केल्यावर तो मागें घेतां येत नसे. २०२२ च्या आवृत्तीपासून अनेक संस्कार मुद्रणाला न लावतां, वेगळे ठेवून ऐकण्याची सोय झाली आहे. तरी दहा-बारा वाद्यांची जुळणी हें तिचें खरें क्षेत्र नव्हे.

तें क्षेत्र प्रो टूल्स, रीपर यांचें. यांत मूळ मुद्रण जसेंच्या तसें राहतें. कापणें-जोडणें म्हणजे ‘येथून येथपर्यंत वाजीव’ अशा सूचनांची केवळ एक यादी. प्रो टूल्स १९९१ सालीं निघालें तेव्हां त्यांत चारच ट्रॅक होते. आज मोठ्या स्टुडिओंत व चित्रपटांच्या कामांत त्याचा प्रघात आहे. ज्याला आपलें काम अशा स्टुडिओकडे पाठवावयाचें आहे, त्याला तें सोयीचें. मात्र तें बहुधा वर्गणीनें घेतलें जातें, म्हणजे साधन मालकीचें नसून भाड्याचें. रीपर ६० दिवस मोफत वापरून पाहतां येतें व त्यानंतरचा घरगुती परवानाही माफक किंमतीचा आहे. पण तें शिकावयास सवड हवी.

बर्लिनमध्यें २००१ सालीं निघालेलें एबलटन लाइव्ह व बेल्जममधील एफएल स्टुडिओ यांचा ओढा गाणें उतरविण्यापेक्षां तें तुकड्यातुकड्यांनीं घडविण्याकडे अधिक आहे. लाइव्ह उघडतांच मिनिटास १२० ठोके व चार मात्रांचे विभाग आंखलेले असतात. नृत्यसंगीतास हें ठीक. पण विलंबित एकतालाचें एक आवर्तन पाऊण मिनिटाहून अधिक चालूं शकतें, आणि समेवर येतांना गायक लय किंचित् ओढतो, त्यांतच गोडी असते. ती लय चौकटीला चिकटविली तर ताल बरोबर येईल, गाणें जाईल. म्हणून ख्यालासाठीं ही आंखणी बंदच करावी. १९९७ सालीं निघालेल्या ऑटो-ट्यूनसारख्या स्वर सुधारणाऱ्या साधनांविषयींही तीच सावधगिरी हवी. दरबारीचा आंदोलित गंधार हा त्यांच्या लेखीं दोष ठरण्याचा संभव असतो.

आणखी एक बाब बहुतेकांना पहिल्याच दिवशीं अडविते. कानावर हेडफोन लावून गावें, तर स्वतःचा आवाज उशिरां ऐकूं येतो. संगणक मोजमापें गट्ट्यागट्ट्यांनीं हातावेगळीं करतो, त्याचा हा परिणाम. सेकंदास ४८,००० मोजमापें असतां १,०२४ चा गट्टा ठेवला, तर निदान २१ सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्या वेळांत हवेंतून ध्वनि सात मीटर जातो; म्हणजे तबलजी खोलीच्या पलीकडे बसल्यासारखा झाला. गट्टा १२८ चा केला कीं तो जवळ येऊन बसतो. ही व्यवस्था बहुतेक साधनांत आहे, ती आधीं शोधावी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक सॉफ्टवेअर आपलें काम आपल्याच सांकेतिक फाइलींत ठेवतें व एकाची फाइल दुसऱ्यास सहसा उघडत नाहीं. दहा वर्षांनीं संगणक बदलतो, वर्गणी थांबते, आणि ज्या फाइलींत आजीचा आवाज आहे ती उघडतच नाहीं. ओव्या पुन्हां म्हणावयास आजी तोंवर असेलच असें नाहीं. उपाय सोपा आहे. काम संपलें कीं प्रत्येक ट्रॅक आरंभाच्या एकाच क्षणापासून सलग ‘वेव्ह’ फाइल म्हणून काढावा, तयार गाण्याचीही तशीच प्रत घ्यावी, नांव व तारीख घालावी आणि दोन वेगळ्या ठिकाणीं ठेवावी. वेव्ह फाइल यांपैकीं कोणतेंही साधन वाचतें.

सारांश, एकट्या गळ्याला ऑडॅसिटी, अनेक वाद्यांना रीपर, स्टुडिओच्या व्यवहाराला प्रो टूल्स आणि ठेक्यावर रचना घडविणाराला लाइव्ह किंवा एफएल स्टुडिओ. यांत निवड चुकली तरी ती उद्यां सुधारतां येईल. साधी प्रत काढून ठेवण्याचें राहून गेलें, तर ती चूक सुधारण्याचें साधन कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.