सर्वपित्रीच्या पहाटे सुरू होणारी मैफल

सर्वपित्री अमावास्येला आपल्याकडे कावळ्याची वाट पाहतात. बंगालात त्या दिवसाला महालया म्हणतात, आणि कोलकात्यात त्या पहाटे चार वाजता घरोघरी रेडिओ लागतो. आकाशवाणीवर ‘महिषासुरमर्दिनी’ सुरू होतं. शंखनाद, बीरेंद्रकृष्ण भद्रांच्या दाटून आलेल्या आवाजातलं चंडीपठण आणि मधेमधे गाणी. तीसच्या दशकाच्या आरंभापासूनचा हा शिरस्ता. १९७६ साली आकाशवाणीला नवं काही करावंसं वाटलं. भद्रांना बाजूला ठेवून खुद्द उत्तमकुमारच्या आवाजात नवा कार्यक्रम लावला, संगीत हेमंतकुमारांचं. बंगालात उत्तमकुमारपेक्षा मोठा नट झाला नाही, तरी लोक असे खवळले की त्याच वर्षी जुना कार्यक्रम पुन्हा लावावा लागला.

लोकांना जो हवा होता, त्या जुन्या कार्यक्रमाचं संगीत पंकज मल्लिकांचं. तेच पंकज मल्लिक, जे न्यू थिएटर्सच्या सिनेमांना चाली देत आणि स्वतः गातही. म्हणजे कोलकात्याच्या सगळ्यात मोठ्या सुट्टीची, दुर्गापूजेची, नांदी एक सिनेमावाला करतो, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. सणासुदीला सिनेमाचं संगीत ऐकायला जाणं हा या शहराचा रिवाज आहे. तो समजून घ्यायचा तर या पहाटेपासूनच सुरुवात करायला हवी.

पूजा संपली की जलसे सुरू होतात. गल्लीतल्या मंडळांचे असतात, त्यांना तिथे सरळ ‘फंक्शन’ म्हणतात. त्यांत किशोरकंठी, रफीकंठी, लताकंठी गायक असतात. हुबेहूब त्या आवाजात गाणारा तो ‘कंठी’. कालीपूजा, नाताळ, सरस्वतीपूजा असा हा मोसम थंडीभर चालतो. बंगाली नववर्षाच्या सकाळी हाजरा भागातल्या बसुश्री चित्रपटगृहात भरणारा जलसा तर एकेकाळी शहराचा मानबिंदू होता. हेमंतकुमार, श्यामल मित्र असे गायक तिथे गात, उत्तमकुमार हजेरी लावत असे. ‘पथेर पांचाली’ १९५५ मध्ये लागला त्या चित्रपटगृहांपैकी हे एक. आपल्या दिवाळी पहाटेची ही बंगाली बहीणच, फक्त वयानं बरीच मोठी.

आता प्रश्न असा की हे कोलकात्यातच का रुजलं? हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. ताडदेवचा फेमस स्टुडिओ, गोव्याचे व्हायोलिनवाले, शंकर-जयकिशनचा भलामोठा ताफा. पण या गोष्टीचा पहिला अंक कोलकात्याच्या टॉलीगंजमध्ये घडला. बी. एन. सरकारांनी १९३१ मध्ये तिथे न्यू थिएटर्स काढली. रायचंद बोराल, पंकज मल्लिक आणि तिमिरबरन असे तीन संगीतकार तिथे एका छपराखाली होते. तिमिरबरन हे अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे सरोदचे शिष्य. उदयशंकरांच्या नृत्यपथकासाठी त्यांनी देशी वाद्यांचा मेळ बसवला होता आणि तो अनुभव घेऊनच ते सिनेमात आले. १९३५ मध्ये नितीन बोस यांनी ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूप छाँव’ काढली, आणि पार्श्वगायन सुरू झालं ते तिथे. नितीनबाबू मल्लिकांच्या घरी गेले असता मल्लिक ग्रामोफोनच्या तबकडीबरोबर गात होते, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात.

पार्श्वगायनाचं श्रेय आपण गायकांच्या अंगानं मोजतो. खरी सुटका झाली ती वाजवणाऱ्यांची. तोवर गाणारा नट कॅमेऱ्यापुढे, आणि वादक झाडाच्या किंवा पडद्याच्या आड लपून बसलेले. किती वाजवणार आणि काय वाजवणार? गाणं आधी मुद्रित होऊ लागलं, तशी वीस-तीस माणसं मोकळेपणी मांडी घालून किंवा खुर्च्या टाकून बसवता आली. वाद्यवृंदाला बसायला जागा मिळाली, ती या एका युक्तीमुळे.

दुसरा धागा पूजेच्या गाण्यांचा. आपल्याकडे दिवाळी अंक निघतात तसे बंगालात पूजा विशेषांक निघतात, हे बऱ्याच मराठी वाचकांना ठाऊक असतं. पण तिथे पूजेला नव्या तबकड्याही निघत. ग्रामोफोन कंपनी त्यांच्याबरोबर ‘शारद अर्घ्य’ नावाची पुस्तिका काढी. तिच्यात गाण्यांचे शब्द आणि गायकांचे फोटो असत. नवे कपडे घ्यायचे तशी नवी गाणी घ्यायची. लताबाई आणि आशाबाई दोघींची पूजेची गाणी बंगालात आजही लोकांच्या तोंडी आहेत. एका पूजेला तर किशोरकुमारनं गायलेल्या गाण्याची चाल लताबाईंची होती. ‘आनंदघन’ या नावानं भालजींच्या सिनेमांना संगीत देणाऱ्या लताबाई आपल्याला माहीत आहेत, बंगाली चाल लावणाऱ्या फारशा नाहीत. आणि ही गाणी पूजेपुरती राहत नसत. राहुलदेव बर्मननं १९६९ च्या पूजेला रूबी राय नावाच्या मुलीवर स्वतः गायलेली चाल १९७३ च्या ‘अनामिका’त किशोरच्या तोंडी आली आणि देशभर गेली. पूजेचा हंगाम ही मुंबईच्या संगीतकारांची प्रयोगशाळा होती म्हणा ना.

या प्रयोगशाळेतला सगळ्यात धाडसी माणूस सलील चौधरी. त्यांचे वडील आसामच्या चहामळ्यात डॉक्टर होते. तिथल्या एका आयरिश डॉक्टरच्या पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या त्यांच्याकडे आल्या, आणि पोरगा मोझार्ट-बीथोव्हन ऐकत वाढला. १९४९ च्या पूजेला त्यांनी हेमंतकुमारांकडून ‘गाँयेर बधू’ गाऊन घेतलं. दुष्काळानं उद्ध्वस्त झालेल्या खेड्यातल्या सुनेची ती कथा तबकडीच्या दोन्ही बाजू भरून होती. सणाच्या बाजारात दुष्काळाचं गाणं, आणि ते खपलंही.

सलीलदांचं काम वाद्यवृंदाच्या मैफलीत कसं उमटतं ते ‘छाया’ (१९६१) मधल्या तलत-लताच्या द्वंद्वगीतात पाहा. मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात घ्या. आधी व्हायोला दबक्या आवाजात धडधडतात, मग व्हायोलिन येतात. दोन आखूड स्वर, एक लांब. पुन्हा दोन आखूड, एक लांब. तिसऱ्यांदा तेच, आणि मग एकदम वर झेप. ही सुरावट सलीलदांनी जशीच्या तशी उचलली आणि तिच्याखाली हिंदी गाण्याचा ठेका घातला. मूळ कृतीतली घाई गेली, तलतच्या गळ्यातला कंप आला. चोरी म्हणायची तर म्हणा, पण मला ते दोन गावांतलं लग्न वाटतं. मंचावर हे गाणं अवघड का, तेही इथेच कळतं. पाश्चात्त्य शिस्तीत शिकलेले वादक कागदावरचे स्वर चोख वाजवतात, पण दोन स्वरांमधली मींड कागदावर नसते. ती ज्याच्या बोटात नाही, त्याच्या हातून गाणं मोझार्टकडे परत जातं.

कोलकात्यात दोन्ही तऱ्हांचे हात होते. १९१५ मध्ये फिलिप सान्द्रे यांनी कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक काढलं. बेहालाच्या ऑक्सफर्ड मिशनमध्ये फादर थिओडोर मॅथीसन गरीब घरच्या मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो देत राहिले. महात्मा गांधी रस्त्यावर मेहबूब बँडसारखी बँडवाल्यांची दुकानं आहेत, तिथे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवर सिनेमाची गाणी घोटली जातात. आणि मग पार्क स्ट्रीट. नाताळात तिथल्या उपाहारगृहांतून बँड वाजत. मुंबईत वाढलेली तमिळ मुलगी उषा अय्यर १९६९ मध्ये ट्रिंकाजमध्ये कांजीवरम नेसून गाऊ लागली, तीच पुढे उषा उथुप झाली आणि कोलकात्याचीच होऊन गेली. ब्लू फॉक्समध्ये पियानो वाजवणारे लुई बँक्स उलट दिशेनं गेले. राहुलदेवनं त्यांना मुंबईला नेलं.

मुंबईहून कोलकात्याला गेलेला आणखी एक माणूस मात्र आपण पार विसरलो. विस्तास्प अर्देशिर बालसारा. मुंबईचे पारशी, जन्म १९२२ चा. सहाव्या वर्षी कावसजी जहांगीर हॉलमध्ये पायपेटी वाजवून दाखवलेला मुलगा. गुलाम हैदर, खेमचंद प्रकाश यांच्या हाताखाली काम केलं, ‘सर्कस गर्ल’ (१९४३) पासून स्वतंत्र संगीत दिलं. मुंबईत पाय रोवलेले असताना १९५४ मध्ये ते कोलकात्यात गेले आणि तिथेच राहिले, २००५ मध्ये जाईपर्यंत. अक्रूर दत्त लेनमधल्या घरात पियानो, युनिव्हॉक्स, मेलोडिका, अकॉर्डियन अशी वाद्यं. नुसत्या वाद्यावर गाण्याची चाल वाजवायची आणि शब्द ऐकणाऱ्याच्या मनात उमटू द्यायचे, ही त्यांची खासियत. आपल्या प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ज्यांनी ऐकलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बंगालात ते ‘व्ही. बालसारा’ म्हणून घरोघरी पोचले. मुंबईत त्यांचं नाव घेतलं तर आज दहातले नऊ जण कोण म्हणून विचारतील.

आणि कोलकात्यात सिनेमासंगीताचा विषय निघाला की सत्यजित राय येणारच. आधी त्यांनी रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ यांच्याकडून संगीत घेतलं. ‘पथेर पांचाली’चं संगीत तर एका रात्रीत मुद्रित झालं. १९६१ च्या ‘तीन कन्या’पासून राय स्वतःच संगीत देऊ लागले. ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) मधला भुतांचा नाच वाद्यवृंदवाल्यांसाठी परीक्षेचा पेपर आहे. भुतांच्या चार जाती आणि प्रत्येक जातीला एक दाक्षिणात्य तालवाद्य. राजांना मृदंगम, शेतकऱ्यांना खंजिरी, साहेबांना घटम, ढेरपोट्यांना मोर्सिंग. सुरावट नाहीच, नुसता ताल. साहेबाची ताठ चाल मातीच्या घड्यात सापडावी, हे कुणाला सुचेल? व्हायोलिनच्या रांगा लावून हा तुकडा वाजवणाऱ्यांना मी हात जोडतो.

सिनेमाच्या वादकांना मंचावर मान देणारा कार्यक्रम आपल्याकडेही फार पूर्वी झाला आहे. माजोर्डा, गोव्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलाल आणि राहुलदेव यांचे व्हायोलिनचे गुरू, यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादक बसवले. लताबाई आणि मन्ना डे गायला होते. पुढे ते अमेरिकेला गेले आणि देश त्यांना १९७७ च्या सिनेमातल्या एका नावापुरतं ओळखू लागला.

हे सगळं का सांगायचं? कारण त्या काळच्या वाद्यवृंदाचे कागद राहिलेले नाहीत. अरेंजर सुट्या पानांवर व्हायोलिन, चेलो, बासरी यांचे भाग लिहून देई. मुद्रण झालं की पानं रद्दीत जात. आज जुनं गाणं मंचावर आणायचं तर कुणीतरी हेडफोन लावून एकेक वाद्य कानानं सोडवतो. मागचा चेलो कुठे उतरला, दुसरं व्हायोलिन काय करतंय, हे जुन्या मोनो मुद्रणातून वेचणं महिनाभराचं काम असतं. ज्यांना तेवढा वेळ नाही, ते दोन कीबोर्ड आणि एक ऑक्टोपॅड घेऊन भागवतात. कोलकात्यातही बहुतेक फंक्शन तशीच होतात, पुण्यातही तशीच. त्यांना नावं ठेवत नाही, तीस वादकांचं मानधन मंडळाच्या वर्गणीत बसत नाही.

पण एक गोष्ट फुकट करता येते. दिवाळी पहाट जवळ आली आहे. निमंत्रणपत्रिकेवर गायकांचे फोटो असतील, प्रायोजकांची चिन्हं असतील. निवेदकांनी एवढं करावं: गाणं सुरू होण्याआधी गीतकार-संगीतकाराबरोबर मूळ गाण्याचा अरेंजर कोण होता ते सांगावं. सेबास्टियन डिसूझा, अनिल मोहिले, शामराव कांबळे, जो असेल तो. आणि मंचावर बसलेल्या वादकांची नावं मध्यंतराच्या आधी घ्यावीत, लोक उठून चहाला गेल्यावर नव्हे. त्यासाठी शेरोशायरी चार ओळींनी कमी झाली तरी श्रोत्यांची काही तक्रार असणार नाही.