स्वस्त यंत्राची नजर वाढवणारा ‘मिक्सर’

मिक्सर म्हटला की आपल्याला चटणी आठवते. रेडिओतला मिक्सर निराळा. त्यात दोन लहरी घातल्या की दोन नव्या लहरी बाहेर येतात. एक त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेची, दुसरी वजाबाकीची. आपला साधा ट्रान्झिस्टर याच अंकगणितावर चालतो. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने पॅरिसमध्ये असताना ही युक्ती रेडिओसाठी योजली. त्या काळच्या व्हॉल्व्हना फार उंच कंपनसंख्येच्या लहरी नीट वाढवता येत नव्हत्या. यंत्र वर पोचत नाही ना, मग लहरीलाच खाली आणा!

डोंबिवलीतल्या एखाद्या विद्यार्थ्यापुढे आज उलटा पेच असतो. घरात मध्यम लहरींवर रेडिओ लावला की नुसती घरघर. ती एलईडी दिव्याची, मोबाइलच्या चार्जरची की शेजारच्या घरातली? हे डोळ्यांनी पाहायचे तर स्पेक्ट्रम ॲनालायझर हवा आणि नामांकित कंपनीचा घ्यायचा तर किंमत लाखांत जाते. काही हजारांत मिळतो तो संगणकाला जोडायचा डाँगल. तो मुळात टीव्हीसाठी बनलेला. २०१२च्या सुमारास हौशी मंडळींनी त्याचा सर्वसाधारण रेडिओ करून टाकला. मात्र त्याची नजर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ एवढीच. मुंबई आकाशवाणीच्या ‘अस्मिता’ने ओळखीचा केलेला ५५८ किलोहर्ट्झचा आकडा म्हणजे जेमतेम अर्धा मेगाहर्ट्झ. तो डाँगलला दिसतच नाही.

इथे मिक्सर कामाला येतो. चार डायोड आणि दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर एवढ्यात तो होतो; दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडची एक फेरी मारायची. त्याला १२५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर जोडला की ०.५५८ अधिक १२५, म्हणजे १२५.५५८ मेगाहर्ट्झवर ते केंद्र डाँगलला दिसू लागते. कल्याणला चार नंबरची लोकल ऐनवेळी पाचवर यावी तसेच हे. फलाट बदलला, डब्यांचा क्रम आणि आतली माणसे तीच.

पण फलाटाला दोन बाजू असतात. दोन्हीकडच्या गाड्यांतून उतरलेली गर्दी एकदा जिन्यावर आली की कोण कुठून आले ते कळत नाही. २५०.५५८ मेगाहर्ट्झची लहर आत शिरली तर तिच्यातून १२५ वजा होऊन तीही नेमकी १२५.५५८वरच उभी राहते. या घुसखोर लहरीला तंत्रज्ञ ‘प्रतिमा’ म्हणतात. आम्ही कवी प्रतिमेच्या शोधात रात्री जागवतो. इथे तिला बाहेर ठेवण्यासाठी मिक्सरच्या आधी गाळणी, म्हणजे फिल्टर बसवावा लागतो. शिवाय ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा विमानांच्या संभाषणाचा पट्टा. ते आवाज तारेतून थेट डाँगलमध्ये झिरपतात.

मग पडद्यावरची रेघ खरी कशी ओळखायची? ऑसिलेटर बदलता येण्याजोगा असेल तर १० किलोहर्ट्झने वर न्यावा. खरी रेघ तेवढीच वर सरकते, प्रतिमा तेवढीच खाली येते आणि थेट झिरपलेली रेघ जागची हलत नाही. अँटेना काढूनही जी जात नाही ती बहुधा यंत्राची स्वतःचीच.

आकड्यांवरही लगेच भरवसा ठेवू नये. डायोडच्या मिक्सरमधून लहरीच्या शक्तीचा चौथा-पाचवा हिस्साच पुढे जातो. ऑसिलेटरच्या स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक असेल तर १२५ मेगाहर्ट्झवर ती अडीच किलोहर्ट्झची होते. ५५८च्या जागी ५६०.५ दिसेल. ही चूक मोजायला महागडे उपकरण नको. मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाने आपल्या कंपनसंख्येपासून १० हर्ट्झच्या पलीकडे ढळू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जे केंद्र स्पष्ट लागेल त्याच्याशी पडद्यावरचा आकडा ताडून पाहावा, फरक वहीत लिहावा आणि मग घरातला एकेक चार्जर काढून बघावा. शेजाऱ्याची बेल त्यानंतर.