सॉफ्टवेअरला कुलूप कसे लावावे?

समजा, भिवंडीतील एक तरुण आहे. घरचे यंत्रमाग आहेत आणि तो स्वतः संगणकाचे शिक्षण घेतलेला आहे. वडिलांच्या कारखान्यासाठी म्हणून तो एक प्रोग्रॅम तयार करतो. सूत किती आले, बीम किती चढले, तागे किती उतरले, कोणत्या कारागिराची आठवड्याची मजुरी किती झाली, व्यापाऱ्याकडून येणे किती, हे सर्व त्यात एका पडद्यावर दिसते. शेजारचा कारखानदार ते पाहतो आणि आपल्यालाही हवे म्हणतो. तरुण त्याला ते सहा हजार रुपयांना देतो. आणखी दोघे घेतात आणि मग मागणी एकाएकी बंद पडते. चौकशी केली तर कळते की, गल्लीतल्या संगणक दुरुस्ती करणाऱ्याने तो प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि तीनशे रुपयांत चाळीस ठिकाणी बसवून दिला. दीड वर्षाच्या मेहनतीचे हाती आले अठरा हजार रुपये!

हा तरुण काल्पनिक असला तरी त्याचे दुखणे खरे आहे. संगणक शिकलेली मुले आता आपल्या घराघरांत आहेत. बेकरी, फर्निचर, चामड्याचे काम, भंगार, मटणाचा ठोक व्यापार, या धंद्यांचे हिशेब बाहेरच्या मोठ्या कंपनीपेक्षा त्यांनाच चांगले ठाऊक असतात. म्हणून सॉफ्टवेअरची चोरी कशी रोखतात, हे माल घेणाऱ्याने आणि तयार करणाऱ्याने, दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

गोदामातून कापडाचा तागा चोरीला गेला तर एक तागा कमी भरतो. सॉफ्टवेअर चोरीला गेले तरी मूळ प्रत जागच्या जागी असते, त्यामुळे घेणाऱ्याला आपण चोरी केली असे वाटतच नाही. ही तक्रार फार जुनी आहे. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्येच हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक उघड पत्र लिहिले होते. त्यांच्या कंपनीचा बेसिक हा प्रोग्रॅम लोक एकमेकांना फुकट वाटत होते आणि असेच चालले तर चांगले सॉफ्टवेअर कोण लिहील, असा त्यांचा सवाल होता.

विकतो ते काय?

सॉफ्टवेअर विकले असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात विकला जातो तो वापरण्याचा परवाना. टॅलीचे उदाहरण बहुतेक दुकानदारांच्या परिचयाचे आहे. सिल्व्हर परवाना एका संगणकासाठी आणि गोल्ड परवाना एका कार्यालयातील जोडलेल्या अनेक संगणकांसाठी असतो. काही परवाने कायमचे, काही भाड्याचे. आपल्या तरुणानेही सुरुवातीलाच एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्यायला हव्या होत्या: किती संगणक, किती काळ, नवीन आवृत्ती फुकट की पैसे देऊन, आणि दुसऱ्याला प्रत देता येणार नाही. हा कागद नसेल तर पुढची सगळी कुलपे निरर्थक ठरतात, कारण कुलूप कशाचे रक्षण करते आहे हेच ठरलेले नसते.

कुलपांचा इतिहास

पूर्वी फ्लॉपीचा जमाना होता. लोटस १-२-३ या १९८३ मध्ये आलेल्या प्रसिद्ध प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या आवृत्त्या मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय सुरू होत नसत. फ्लॉपी खराब झाली की पैसे देऊन घेतलेला माल बंद. दुसरे कुलूप म्हणजे डोंगल. संगणकाला मागे लावायची ही छोटीशी डबी काढली की प्रोग्रॅम चालत नाही. मशीन भरतकामाचे डिझाइन पंचिंग करणाऱ्या कारागिरांना विलकॉम सॉफ्टवेअरमुळे ती चांगलीच माहीत आहे. डोंगल मजबूत असते, पण तिला खर्च येतो, ती हरवते आणि नोकर खिशात घालून घेऊनही जातो.

स्वस्तातला उपाय म्हणजे क्रमांक, ज्याला सिरियल नंबर किंवा सीडी-की म्हणतात. त्याची गंमत पाहा. विंडोज ९५ च्या दुकानात मिळणाऱ्या सीडीवर दहा अंकी क्रमांक असे. त्यातील शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला सातने भाग गेला की संगणक तो क्रमांक खरा मानी. म्हणजे शाळकरी मुलालाही घरी बसून क्रमांक बनवता येत होता. शिवाय एकच खरा क्रमांक हजार संगणकांवर चालत असे, कारण तो आधी कोठे वापरला गेला आहे हे विचारायला कोणी नव्हतेच.

ही उणीव ॲक्टिव्हेशनने भरून काढली. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा सामान्य ग्राहकाला याची चांगलीच ओळख झाली. प्रोग्रॅम संगणकाच्या दहा भागांची, म्हणजे हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, मेमरी इत्यादींची नोंद घेऊन त्यातून एक खूण तयार करी. ही खूण आणि विकत घेतलेला क्रमांक कंपनीकडे कळवायचा. इंटरनेट नसेल तर फोनवर पन्नास अंक वाचून दाखवायचे आणि उत्तरादाखल आलेले बेचाळीस अंक टंकायचे. हे तीस दिवसांत न केल्यास काम बंद.

मोहर कशी काम करते

कंपनीचे उत्तर म्हणजे जणू मोहर उठवलेला दस्तऐवज. त्यावर लिहिलेले असते की अमुक क्रमांक अमुक खुणेच्या संगणकावर अमुक तारखेपर्यंत चालेल. खाली कंपनीची सही असते. ही सही गणिताची असते. त्यासाठी दोन किल्ल्या लागतात: एक गुप्त, जी फक्त कंपनीच्या तिजोरीत राहते, आणि दुसरी उघड, जी प्रोग्रॅममध्येच ठेवलेली असते. उघड किल्लीने सही तपासता येते, करता येत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७ मध्ये मांडलेल्या आरएसए पद्धतीवर अशी सही उभी राहते. आपल्या तरुणाला हे गणित नव्याने लिहायची गरज नाही, आणि त्याने ते लिहूही नये. तपासून पाहिलेली तयार साधने फुकट मिळतात. फक्त गुप्त किल्ली ग्राहकाला दिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुकूनही जाऊ द्यायची नाही.

आता कामाच्या गोष्टी. संगणकाची खूण एकाच भागावर बांधू नये. केवळ नेटवर्क कार्डावर बांधली आणि ते वीज कमी-जास्त झाल्याने जळाले तर प्रामाणिक ग्राहक सोमवारी सकाळी मजुरी वाटू शकणार नाही. पाच भागांपैकी तीन जुळले तरी चालू द्यावे. इंटरनेट बंद असताना प्रोग्रॅम अडू नये. महिन्यातून एकदा तपासणी आणि वर पंधरा दिवसांची सवलत, एवढे पुरे. फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवरून क्रमांक देण्याची सोय असलीच पाहिजे. मुदतीचा परवाना असेल तर संगणकाची तारीख मागे करून मुदत वाढवणारे महाभाग भेटतात. म्हणून शेवटची नोंद कोणत्या तारखेची होती हे प्रोग्रॅमने लक्षात ठेवावे. तपासणी एकाच ठिकाणी ठेवू नये. कुलूप तोडणारे लोक प्रोग्रॅममधील "परवाना आहे का?" हा प्रश्न शोधून काढतात आणि त्याचे उत्तर कायमचे "आहे" करून टाकतात. यालाच क्रॅक म्हणतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ग्राहकाच्या वह्या अडकवू नयेत. परवाना संपला तर नवी नोंद बंद करा, पण जुना हिशेब पाहणे, छापणे आणि बाहेर काढणे चालू ठेवा. प्रोग्रॅम तुमचा असला तरी त्यातला हिशेब त्याचा आहे. हे न पाळणाऱ्याचा माल एकदा खपेल, त्याच मोहल्ल्यात दुसऱ्यांदा खपणार नाही.

एवढे करूनही चोरी पूर्ण थांबत नाही. विंडोज एक्सपीची मोठ्या कंपन्यांसाठीची आवृत्ती ॲक्टिव्हेशनशिवाय चालत असे आणि तिचा एक क्रमांक बाजारात माल येण्याआधीच फुटला. म्हणून कुलपाच्या मागे सेवा हवी. वर्षाला दोनदा सुधारणा, कर बदलला की लगेच बदल, फोन केला की उत्तर. चोरट्या प्रतीला हे मिळत नाही. मजुरीचा दर बदलताना अडलेला कारखानदार शेवटी मूळ माणसाकडेच येतो.

कायदा आणि शरिअत

भारतात संगणक प्रोग्रॅम १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली साहित्यकृती धरला जातो. नोंदणी केली नसली तरी हक्क मिळतो. नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते. कलम ६३-ब नुसार चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी अथवा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, पण दुकानाच्या गल्ल्यावरचा संगणक या सवलतीत बसणे कठीण. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ प्रमाणे हक्क मोडण्याच्या हेतूने संरक्षणाचे कुलूप तोडणे हाही गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र कायदेशीर प्रत असणाऱ्याला सुरक्षिततेसाठी एक राखीव प्रत काढून ठेवण्याची मुभा आहे.

धार्मिक बाजूबद्दल बरेच जण विचारतात. उपखंडातील काही जुन्या उलेमांचे मत वेगळे होते. परंतु इस्लामी परिषद संघटनेच्या फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क मालाप्रमाणेच मोल असलेले आहेत व त्यांचा भंग करता येत नाही, असा ठराव केला. अधिक खुलाशासाठी आपापल्या मुफ्तींना विचारावे.

घेणाऱ्यांसाठी

क्रॅक बसवताना पहिली सूचना असते ती अँटिव्हायरस बंद करण्याची. पहारेकऱ्याला रजा देऊन अनोळखी माणसाला तिजोरीजवळ बसवण्यासारखेच हे. पण पैसे मोजून घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. ॲक्टिव्हेशनची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. ॲडोबीने २०१२ च्या अखेरीस फोटोशॉप सीएस-२ चे ॲक्टिव्हेशन केंद्र बंद केले. कंपनीने जुन्या ग्राहकांना ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत दिली म्हणून छपाईवाल्यांचे निभावले. लहान विक्रेत्याने धंदा बंद केला तर काय, हे विकत घेण्याआधी विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे.

टॅली वापरणाऱ्यांनी संगणक बदलण्यापूर्वी किंवा फॉरमॅट करण्यापूर्वी जुन्या संगणकावरून परवाना सरेंडर करावा, म्हणजे तो नव्या संगणकावर सहज चालू होतो. बिल, सिरियल नंबर आणि ज्या ई-मेलवर परवाना घेतला त्याचा पासवर्ड हिशेबनीसाकडे न ठेवता मालकाने स्वतःच्या कपाटात ठेवावा.