जुना लॅपटॉप, लिनक्स आणि आपला ‘ल’

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: “घरात जुना लॅपटॉप आहे, विंडोज ११ चढत नाही, भंगारात देऊ का?” थांबा जरा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, मशीन नाही संपलं.

लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर बरी चालते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. त्यावरून लिनक्स ‘लाइव्ह’ सुरू करा, म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, ब्राइटनेस सगळं तपासता येतं. पटलं तरच इन्स्टॉल करा, आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा. तरीही रडतखडत चालत असेल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घ्या. माझ्या मते रॅमच्या आधी हाच खर्च करावा.

थीम, आयकॉन, वॉलपेपर यावर मी फार बोलणार नाही. सेटिंग्जमध्ये ‘अपिअरन्स’ उघडा आणि खेळत बसा. फक्त खेळण्याआधी ‘टाइमशिफ्ट’मध्ये एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. सिस्टीम बिघडली तर मागे येता येतं. (तुमच्या फायलींचा बॅकअप मात्र हा नाही, तो वेगळा घ्यायचा.)

आता खरा मुद्दा. ‘लालबाग’ मधला ल आणि ‘शिवाजी पार्क’ मधला श तुमच्या स्क्रीनवर कसा दिसतो, बघा. आपण शाळेत शिकलो तो पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य सरकारनेही २०२२ च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच वळणं धरली. पण बऱ्याच कॉम्प्युटरवर हिंदी वळणाचीच अक्षरं उमटतात. फॉन्ट गंडलेला नसतो! नोटो देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच तो मराठी वळण काढतो. नाही सांगितलं तर हिंदी.

मग सांगायचं कुठे? लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ समोर मराठी निवडा. गिम्पमध्ये बॅनर करत असाल तर टेक्स्ट टूलच्या पर्यायांत ‘लँग्वेज’ असतं, तिथेही मराठी.

एवढा खटाटोप नको असेल तर मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घ्या. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ मोफत आहे, आणि ही संस्था गिरगावच्या शेजारी धोबीतलावलाच आहे. मुंबईच्याच ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘मोदक’ हेही मुक्त परवान्याचे. ‘मोदक’ नावासारखाच गुबगुबीत. मंडळाच्या बॅनरवर शोभतो, अहवालात मात्र वापरू नका, वाचणाऱ्याचे हाल होतील. फॉन्टची फाइल उघडायची, ‘इन्स्टॉल’ दाबायचं, झालं.

टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ‘लेआउट’ टॅबवर मराठी जोडा. ‘कगप’ फोनेटिक आहे, इनस्क्रिप्टही आहे. मी म्हणेन इनस्क्रिप्ट शिका, दोन आठवडे चिडचिड होईल, मग बोटं आपोआप पळतात. त्यात जे दाबलं की र, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. हा फरक लहान वाटतो, पण चौपाटीवर दिसतो तो ‘दर्या’ आणि सह्याद्रीत असतात त्या ‘दऱ्या’. दोन्हीत मधे हलन्त आणि पुढे य, फक्त पहिलं अक्षर वेगळं.

एक अडचण हमखास येणार. मंडळाचा दहा वर्षांपूर्वीचा अहवाल उघडाल आणि नुसती इंग्रजी अक्षरं, चिन्हं दिसतील. ती फाइल बिघडलेली नाही, जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली आहे. आधी तो फॉन्ट कोणता ते शोधा, मग त्याच्यासाठीचा कन्व्हर्टर वापरा आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, वर्गणीदारांची नावं तर नक्कीच. प्रेसला पाठवताना पीडीएफ पाठवा. फॉन्ट त्यातच जातो, त्यामुळे तुमचा ल तिथे पोचेपर्यंत बदलत नाही.

आणि चाळीतल्या एका खोलीत चौघांत एकच लॅपटॉप असेल तर प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा. आजीच्या खात्यात भाषा मराठी, अक्षरं मोठी, डेस्कटॉपवर तीनच आयकॉन. काही मेनू इंग्रजीतच राहतील, कारण भाषांतर स्वयंसेवक करतात आणि ते अर्धवट आहे. तुमच्या खात्यात मग हवा तेवढा काळोख आणि निऑन करा, तिच्या स्क्रीनवर काही फरक पडत नाही.

पुढच्या भागात केडीई प्लाझ्मा. तोवर पेनड्राइव्ह शोधून ठेवा!